राजमा उकळला होतास का?

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. चार महिने पत्र नाही, फोन नाही. त्याबद्दल शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढचं वाच. इकडे सगळे बरे. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

पत्रास कारण की, वहिनींचा फोन आला होता. रविवारी तू मोठ्या हौसेने राजमा केलास, जेवल्यावर दोन तासांत तिघेही उलट्यांनी हैराण झालात, आणि संध्याकाळी उठून बसलास तेव्हा जाहीर केलंस की हे पाला-कडधान्याचं खाणं आपल्या घराण्याला मानवत नाही. घराण्याला कशाला मध्ये ओढतोस? राजमा उकळला होतास का, ते सांग.

उकळला म्हणजे शिजवला नव्हे. वहिनींकडून कळलं की दाणे नुसते धुऊन नव्या स्लो कुकरमध्ये, म्हणजे त्या मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, टाकलेस आणि अंघोळीला गेलास. राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन, भरपूर असतं. नाव वाचूनच मळमळावं असं. कच्चे चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब, आणि काही तासांत माणूस आपोआप ठीक. तुमचं वेळापत्रक अगदी तसंच दिसतंय. हे लेक्टिन खळखळत्या उकळीत निकामी होतं. स्लो कुकरमधलं अन्न बरेचदा तेवढं तापतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. बोटाने दाबला तर मऊ लागतो, म्हणून शिजला असं वाटतं. तिथेच तू फसलास.

करायचं एवढंच. रात्रभर भिजव, निदान ५ तास तरी. ते पाणी ओतून दे. ताज्या पाण्यात उकळी फुटल्यापासून ३० मिनिटं खळखळ उकळू दे. खरं तर १० मिनिटांत काम होतं, पण भांड्यातला प्रत्येक दाणा तेवढा तापला याची खात्री हवी म्हणून ३०. मग कितीही मंद आचेवर ठेव. शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे भिजवून नीट शिट्ट्या काढल्यास तर हा प्रश्नच येत नाही. डबाबंद राजमा आधीच शिजलेला असतो.

आता आलोच आहे राजम्यावर, तर मिठाचं भांडणही मिटवून टाकू. मीठ आधी घातलं तर कडधान्य दडस राहतं, असं तू मागे एकदा छातीठोक सांगितलं होतंस आणि वर अण्णांची साक्ष काढली होतीस. अण्णांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, दोघेही चूक. लिटरभर पाण्यात दोन-अडीच चहाचे चमचे मीठ घालून त्यात भिजवलं तर सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा सोडियम घेतं, आणि साल लवकर मऊ होते. दडस ठेवतं ते आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच, काय असेल ते दाणा पूर्ण शिजल्यावरच घाल. पाणी जड असेल तर चिमूटभर खायचा सोडा चालतो. चिमूटभर, चमचाभर नव्हे, नाहीतर लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

पण मला घोर राजम्याचा नाही. एक तारखेपासून तू मटण, अंडी, दूध सगळं एका दमात बंद केलंस, याचा आहे. सिगरेट अशीच सोडली होतीस, तीन वेळा. ताटातून काय काढलंस ते सगळ्यांना सांगत सुटला आहेस. त्या जागी काय घातलंस असं वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "काकडी." मग रात्री अकराला बिस्किटांचा पुडा फुटणारच! बिस्किटं आणि बटाट्याचे वेफर्सही वनस्पतीचेच, मान्य.

हिशोब बघ. तुझं वजन ७० किलो धरलं तर किलोला ०.८ ग्रॅमप्रमाणे दिवसाला ५६ ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत साधारण ३०, तेवढ्याच शिजलेल्या मसुरात किंवा चण्यात ९. म्हणजे तुकड्याच्या जागी चमचाभर उसळ ठेवून भागत नाही, चांगली मोठी वाटी लागते. सोयावडी कोरडी ५० ग्रॅम घेतलीस तर २५-२६ मिळतात. टोफूचं पाकीट उलटून बघ, १०० ग्रॅमला ८ पासून १७ पर्यंत काहीही असतं.

आणि ही मोठी वाटी पहिल्याच दिवशी नको. तू पहिल्याच दिवशी तीन वाट्या हाणल्या असणार, ओळखतो मी तुला. कडधान्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यांना सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर वायू धरतो. सुरुवात पाव वाटीने, दिवसाआड. आठवड्याने रोज पाव वाटी, मग अर्धी, मग एक. आधी सालं काढलेली मूग किंवा मसूर डाळ, नंतर अख्खे मसूर, चणे आणि राजमा सगळ्यात शेवटी. तू नेमका शेवटच्या धड्यापासून सुरू केलास. पाणीही वाढव, चोथा वाढला आणि पाणी तेवढंच राहिलं तर पोट साफ व्हायचं सोडून घट्ट होतं.

मटण एकदम बंद करू नकोस. आठवड्यातलं एकच जेवण निवड, ठरलेल्या वारचं, आणि तेवढंच बदल. बाकीच्या दिवशी खिम्यात भेसळ कर. ५०० ग्रॅमच्या जागी ३५० ग्रॅम खिमा आणि १५० ग्रॅम शिजलेले अख्खे मसूर. कोणाला कळणार नाही. दोन आठवड्यांनी निम्मे-निम्मे. मसूर शिजवून चाळणीत अर्धा तास निथळू दे, ओले टाकलेस तर सगळ्याची आमटी होते. मश्रूम वापरणार असशील तर बारीक चिरून कोरड्या तव्यावर टाक, तेल नको. आधी चर्र वाजतं, मग पाणी सुटतं, ते आटतं, आणि आवाज बदलून तडतड सुरू झाली की मग तेल आणि मीठ. त्याआधी घाई केलीस तर रबर. "चवच नाही" अशी जी ओरड होते ना, ती बहुधा या पायरीला कंटाळल्यामुळे. टोमॅटोची पेस्ट तेलात विटकरी रंगावर परतून घे, वर चमचाभर सोया सॉस. मटणातला जो भरीव स्वाद तुला हवा असतो, तो बराचसा यातून येतो.

आता मुद्द्याचं, आणि इथे थट्टा नाही. तू साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतोस. त्या गोळीने बी १२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, आणि दूध-अंडी-मटण बंद केल्यावर बी १२ यायची वाटच बंद. दिवसाला लागतं फक्त २.४ मायक्रोग्रॅम, पण वनस्पतीतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना म्हणून शेवाळाची पूड मिळते, तिच्यावर विसंबू नकोस, तिच्यात बी १२ चं बहुतांशी आपल्या कामी न येणारं रूप असतं. यकृतात साठा असतो म्हणून कमतरता उशिरा, कधी काही वर्षांनी दिसते. तेव्हा पायाला मुंग्या येतात, आणि मधुमेही माणूस म्हणतो की साखरेमुळेच असेल. आधी रक्तातलं बी १२ तपासून घे आणि गोळी किती ते डॉक्टरांना विचार. जेवण बदलतोय हेही त्यांना सांग. साखर उतरवणारी दुसरी गोळी चालू असेल तर मात्रा कमी करावी लागू शकते. हे सगळं होईपर्यंत दूध-अंडी चालू ठेव. आणि जेवल्या जेवल्या चहाचा कप तोंडाला लावतोस ना, तो तासभर पुढे ढकल. डाळी-पालेभाजीतलं लोह चहामुळे कमी शोषलं जातं. त्याऐवजी ताटात लिंबू पिळ.

बढतीचं कळलं, अभिनंदन. धाकटीचा निकाल लागला का? घराचं काय ठरलं तेही कळव, आणि जिन्याची घरं बघू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. स्लो कुकर विकू नकोस. चण्याला, मसुराला बरा आहे. फक्त त्यात जाणारं कडधान्य आधी गॅसवर उकळून घेत जा. आणि मिठाचं मान्य असेल तर तसं लेखी कळव, अण्णांना दाखवायचं आहे.