निळी पेन्सिल

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दबक्या आवाजात विचारलंस, "आई, छकुली एकटीच बडबडत असते गं. कुणाला दाखवावं का?" कुकरच्या शिट्ट्यांत मी नुसतं "छे रे" म्हटलं आणि फोन ठेवला. ते काही उत्तर झालं नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे. मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत, आणि हे सगळं त्यात मावणारंही नाही.

दिवाळीत आठ दिवस मी तिचं बोलणं ऐकत होते. ठोकळे रचताना, "हा इथे... नको, पडेल... मोठा खाली. हां, आता बस गप." ते ती ठोकळ्यांना सांगत नव्हती आणि आपल्यालाही नाही. स्वतःलाच कामाला लावत होती. मला हे आज कळतं, बत्तीस वर्षं शिकवलं तेव्हा कळलं नाही. पहिलीची पोरं पुटपुटत बेरजा करायची आणि मी टेबलावर पट्टी आपटायची, "ओठ हलवायचे नाहीत, मनात करा!" तपासणीला साहेब आले की गप्प वर्गाचं कौतुक व्हायचं, त्याची मला हाव होती. मनात करायला आधी मनात बोलता यावं लागतं, ते त्या पोरांना अजून यायचं होतं.

ज्याच्यामुळे डोळे उघडले तो माणूस १९३४ सालीच गेला. लेव वायगॉट्स्की, सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ. तुझ्या ताईच्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) गाईडमध्ये पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या खाली त्याच्या चार ओळी होत्या, 'निकट विकास क्षेत्र' वगैरे, पाठ करून एक मार्क मिळवण्यापुरत्या. मी निवृत्त झाल्यावर तुझ्या जुन्या टॅबवर त्याचं आणि त्याच्याबद्दलचं मिळेल ते वाचत गेले. इंग्रजी अडखळत, पण वाचलं.

त्याने काय केलं ऐक. मुलांना चित्र काढायला बसवायचं आणि नेमकी हवी ती पेन्सिल तिथे ठेवायचीच नाही. मास्तरकी नव्हे, शुद्ध खोडी! पण अशी अडचण आली की मुलांची स्वतःशी चाललेली बडबड जवळजवळ दुप्पट व्हायची. एक मूल म्हणालं, पेन्सिल कुठाय, मला निळी हवी होती. जाऊ दे, लालनेच काढतो आणि पाणी लावतो, म्हणजे गडद होऊन निळ्यासारखी दिसेल. दुसरं साडेपाच वर्षांचं मूल ट्राम काढत होतं. चाक काढताना जोर दिला आणि टोक मोडलं. ते पुटपुटलं, "मोडलं." मग रंग घेऊन त्याने चक्क अपघातात मोडलेली ट्राम काढली! तोंडातून निघालेल्या एका शब्दाने अख्खं चित्र फिरवलं. मी हे वाचलं त्या दिवशी माझा चहा गार झाला होता.

पियाजेचं म्हणणं असं, की ही आत्मकेंद्री बडबड आहे, मूल मोठं झालं की विरून जाते. वायगॉट्स्की म्हणाला, विरत नाही, आत जाते. आधी माणसांशी बोलणं, मग स्वतःशी मोठ्याने, मग मनातल्या मनात. आणि त्या मनातल्या बोलण्यालाच आपण विचार करणं म्हणतो. ते पडताळायला त्याने मुलांना जिथे कुणाला ऐकूच येत नाही किंवा त्यांची भाषा कळत नाही अशा मुलांत बसवून पाहिलं. बडबड एकदम आटली. म्हणजे एकटी वाटणारी ती बडबडसुद्धा कुणीतरी आसपास असण्यावर जगते.

आता तुला हे का सांगते आहे, तर त्याच्या घरामुळे.

त्याचा जन्म १८९६चा, पियाजेचाही तोच. गाव ओर्शा, आता बेलारूसमध्ये. वाढला गोमेलला, आठ भावंडांत दुसरा. ज्यू असल्यामुळे मॉस्कोच्या विद्यापीठात जागा मोजक्या आणि त्याही चिठ्ठ्या टाकून. याची चिठ्ठी निघाली. १९१७ला शिक्षण संपवून गोमेलला परतला तर घरात क्षय शिरलेला. आई आजारी, धाकटा भाऊ आजारी. त्यांची सेवा केली. भाऊ गेला, आणि दोनेक वर्षांत यालाही क्षयाने धरलं. पुढचं सगळं आयुष्य त्या उसन्या श्वासावर. १९२४ला पेट्रोग्राडच्या (आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या) एका परिषदेत हा सत्तावीस वर्षांचा शाळामास्तर असं बोलला, की मॉस्कोतून बोलावणं आलं. ऐकणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ लुरिया होते. हातात कागद धरून सलग बोलला, आणि नंतर पाहिलं तर कागद कोरा, असं ते सांगत. त्याच वर्षी रोझाशी लग्न. १९२५ला पहिली मुलगी झाली, तिचं नाव काय माहीत आहे? गीता! आपल्या गीतेशी त्याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही, पण वाचताना गल्लीतलीच कुणी पोर वाटते. त्याच वर्षी तो कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाच्या परिषदेला लंडनला गेला, उभ्या आयुष्यातली एकच परदेशवारी. परतल्यावर काही महिन्यांतच पुन्हा दवाखान्यात, ते थेट १९२६च्या वसंतापर्यंत. धाकटी आस्या १९३०ची.

गीताने मोठेपणी वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात मोठा शास्त्रज्ञ फारसा भेटत नाही, बाबा भेटतात. त्यांना वेगळी अभ्यासिका नव्हती. सगळं कुटुंब वावरतं त्याच खोलीत टेबल. गीताच्या मैत्रिणी यायच्या, पाठीमागे दंगा चाललेला, आणि हा लिहितो आहे. गप्प बसा म्हणून हाकलायचा नाही. मधूनच मान वळवायचा, हसून पोरांकडे बघायचा आणि पुन्हा कागदात डोकं. अरे, दहाएक वर्षांत या माणसाने केवढं लिहून ठेवलं आहे!

माझं आपलं मत सांगते, पुस्तकात असं कुणी लिहिलेलं नाही. पोरांची बडबड ही अडचण नसून काम आहे, हे त्या खोलीत बसणाऱ्यालाच ऐकू येणार. प्रयोगशाळा त्याचीही होतीच, पण कान तयार झाले ते घरात.

शेवटचा ग्रंथ 'विचार आणि वाणी'. त्यातलं अखेरचं प्रकरण त्याने अंथरुणावरून सांगून लिहवलं. ११ जून १९३४ला तो गेला, वय सदतीस. ग्रंथ त्याच्यामागून छापून आला. गीता नऊ वर्षांची, आस्या चारची. दोन वर्षांनी, १९३६ला, सरकारी हुकुमाने पेडॉलॉजी, म्हणजे मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी सगळी विद्याशाखाच मोडीत काढली आणि याची पुस्तकं वीस वर्षं दडपली गेली. टीईटीवाल्यांना हे कुणी सांगत नाही. (आणि मुलाला आधार द्यायचं ते 'मचाण' गाईडमध्ये त्याच्या नावावर खपवतात, तो शब्द १९७६च्या दुसऱ्याच एका लेखातला आहे. ताईला सांग.)

तेवढा काळ त्याचे कागद घरानेच जपले. गीता स्वतः मानसशास्त्रज्ञ झाली, तीही कर्णबधिर मुलांसाठीच काम करणारी. १९८२पासून सहा खंडांत वडिलांचं लेखन निघालं, त्यात तिचा मोठा हात. तिची मुलगी येलेना, तीही त्याच वाटेने गेली. गंमत म्हणजे गीताच्या बाबांनी आडनावात 'द'चा 'त' केला होता, 'विगोद्स्की'चं 'विगोत्स्की', म्हणजे आपलं वायगॉट्स्की. गीता शेवटपर्यंत 'विगोद्स्काया'च राहिली. बाबांची पुस्तकं सांभाळली, अक्षर मात्र आजोबांचं ठेवलं.

राजा, दिवाळीत तुझ्या खोलीचं दार बंद होतं. मीटिंग असते, मला कळतं. तुझ्या साहेबांना छकुलीचे ठोकळे ऐकवायचे नाहीत, तेही कळतं. पण मीटिंग संपल्यावरही दार बंदच होतं. ती उंबऱ्याशी बसून दाराच्या फटीला सांगत होती, "बाबा काम करतोय. आपण हळू बोलायचं हं." ते तुला ऐकू आलं नाही. मला आलं. तेव्हा बोलले नाही, कारण तू लहान असताना वह्या तपासायच्या म्हणून मीही तुला कितीदा आजीकडे पिटाळलं आहे.

सूनबाईंना सांग, मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवते आहे, शेजारच्या काकांबरोबर. त्याच पिशवीत छकुलीला खडूंची पेटी आहे. बारा रंगांची, पण अकराच निघतील. निळा मी काढून ठेवला आहे. रविवारी तिला तुझ्या टेबलाशेजारी बसव, समुद्र काढ म्हणावं, आणि तू आपलं काम करत राहा. ती काय काय म्हणते ते मला शब्द न् शब्द फोनवर सांग. निळा खडू पुढच्या खेपेला आणेन.

तुझी,
आई