‘कंपनी ऑफ हीरोज’ आणि रसदीचे गणित

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युद्धावरचे व्हिडिओ गेम म्हणजे समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटणे, हा समज वर्तमानपत्रांतल्या लेखांत आणि वाचकांच्या पत्रांत वारंवार दिसतो. बंदुकीच्या नळीमागून जग दाखवणाऱ्या गेमबद्दल तो बराचसा खराही असेल. पण त्याच फटक्यात रिअल-टाइम स्ट्रॅटेजी हा अख्खा प्रकार मोडीत काढला जातो, ते मात्र पटत नाही. या प्रकारात खेळणाऱ्याच्या हाती बंदूक नसतेच. तो वरून मैदान पाहतो आणि आठ-दहा तुकड्यांना हुकूम देतो. बुद्धिबळासारखी पाळी नसल्यामुळे त्याचा विचार चालू असतानाच शत्रूही हालत असतो. रेलिक एंटरटेनमेंट या कॅनडातल्या कंपनीने सप्टेंबर २००६ मध्ये आणलेला ‘कंपनी ऑफ हीरोज’ हा माझ्या मते यातला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला गेम. त्याची मोहीम १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, ओमाहा किनाऱ्यापासून जर्मन सैन्य घेरले गेले त्या फॅलेझच्या कोंडीपर्यंत चालते. त्यात जिंकणे-हरणे रसदीवर ठरते, आणि नवशिका नेमका तिथेच मार खातो.

नकाशा लहान लहान पट्ट्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पट्ट्यात झेंड्याचा एक खांब असतो. पायदळाची तुकडी खांबापाशी काही सेकंद उभी राहिली की पट्टा ताब्यात येतो. तो शत्रूचा असेल तर आधी त्याचा झेंडा उतरवायचा, मग आपला चढवायचा, म्हणजे वेळ जास्त. रणगाड्याला हे काम करता येत नाही. खर्चायला तीनच गोष्टी असतात: मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन. मनुष्यबळ आपोआप जमत राहते, मात्र मैदानात माणसे जितकी जास्त तितकी त्याची आवक कमी. दारूगोळा आणि इंधन पट्ट्यांतून येते. पट्टा किती मोलाचा त्यानुसार मिनिटाला ५, १० किंवा १६. अट अशी की, तो पट्टा तुमच्याच सलग पट्ट्यांनी मुख्यालयाशी जोडलेला हवा. मधली एक कडी तुटली की तिच्यापलीकडचे सगळे पट्टे तुमच्याच रंगात दिसत राहतात, पण त्यांतून काही येत नाही.

समजा, नकाशाच्या टोकाला इंधनाचे दोन पट्टे आहेत, एक १६ चा आणि एक १० चा. मिनिटाला २६ इंधन. शर्मन रणगाड्याला ९० लागते, म्हणजे सुमारे साडेतीन मिनिटांत एक शर्मन. या दोन पट्ट्यांना मुख्यालयाशी जोडणारा मधला पट्टा एकच आहे. त्यात ना इंधन ना दारूगोळा, म्हणून तिथे कोणीच ठेवलेले नाही. सगळ्या तुकड्या पुढच्या चौकातल्या चर्चसाठी झुंजत आहेत. एवढ्यात पायोनियरांची, म्हणजे बांधकाम करणाऱ्या सैनिकांची, दोन माणसांची जर्मन तुकडी, म्हणजे या गेममधली सर्वांत स्वस्त तुकडी, कुंपणाच्या आडून येते आणि त्या ओस खांबापाशी उभी राहते. तिला तो पट्टा जिंकायचीही गरज नाही. तुमचा झेंडा उतरला की काम झाले. खालच्या कोपऱ्यातला इंधनाचा आकडा वाढायचा थांबतो, पण चर्चमधल्या चकमकीकडे डोळे लागलेल्याला ते दिसत नाही. चार-पाच मिनिटांनी समोरून जर्मन रणगाडा येतो आणि आपल्याकडे अजून एकही का नाही, याचा उलगडा होत नाही. ‘शत्रूचे रणगाडे फार भारी आहेत’ ही नवशिक्यांची ठरलेली तक्रार. बहुतेक वेळा दोष त्या रिकाम्या पट्ट्याचा असतो.

यावर उपाय साधे आहेत. दर मिनिटाला एकदा टॅक्टिकल नकाशा उघडून कड्या तपासायच्या. मधल्या पट्ट्याच्या खांबाभोवती इंजिनिअरांकडून काटेरी तार घालून घ्यायची; तारेला खर्च काही नाही, आणि ती कापण्यात शत्रूचा जो वेळ जातो तेवढ्यात आपली तुकडी पोहोचते. इंधनाच्या खांबावर २०० मनुष्यबळ खर्चून निरीक्षण चौकी बांधली तर आवक वाढते, शिवाय चौकी पाडल्याशिवाय शत्रूला खांब घेता येत नाही. मात्र डावाच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत चौकी बांधू नये. त्या वेळी मैदानात एक रायफल तुकडी कमी पडली तर चौकीच हातची जाते.

आता गोळीबाराविषयी, कारण आक्षेप त्यालाच असतो. तुकडीला कुठे पाठवायचे हे दाखवताना जमिनीवर रंगीत ठिपके उमटतात. हिरवा म्हणजे भक्कम आडोसा, दगडी भिंत किंवा वाळूची पोती. पिवळा म्हणजे झुडूप-कुंपणाचा जेमतेम आडोसा. लाल म्हणजे उघडा रस्ता, जिथे नेहमीपेक्षा जास्त इजा होते. हे आडोसे कायमचे नसतात. रणगाडा कुंपणावरून गेला की कुंपण सपाट होते, आणि तोफगोळ्याने पडलेला खड्डा उलट नवा आडोसा होतो. सहा जणांची रायफल तुकडी लाल ठिपक्यांवरून एमजी-४२ या जर्मन मशीनगनसमोर धावत गेली, तर ती तिथवर पोहोचतच नाही. माणसे आधी दबतात आणि सरपटू लागतात, मग जमिनीला खिळून गोळी झाडायचीही थांबतात. अशा वेळी मागून आणखी एक तुकडी त्याच वाटेने पाठवणे ही दुसरी ठरलेली चूक, तीही खिळते.

मशीनगनचा मारा पंख्यासारख्या एका कोनात असतो आणि तिचे तोंड वळवून पुन्हा रोवायला काही सेकंद जातात. म्हणून एक तुकडी आडोशात ठेवून मशीनगनचे लक्ष गुंतवायचे, दुसरी लांबून वळसा घालून बगलेत न्यायची आणि हातबॉम्ब टाकायचा. मशीनगन घरात असेल तर ५० दारूगोळ्यात इंजिनिअरांना ज्वालाफेकी द्यायची. मशीनगनवरचे तिघे पडले की ती तिथेच पडून राहते आणि आपली माणसे तिचा ताबा घेऊ शकतात. ही संधी फार जण सोडतात.

इटलीच्या आघाडीवर १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नेमका हाच प्रसंग आला होता, आणि तिथे वळसा घालायला वेळ नव्हता. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. याच मालिकेतला तिसरा गेम, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला, इटली आणि उत्तर आफ्रिकेत घडतो. ब्रिटिश बाजूने भारतीय तोफखान्याचा गट निवडला तर त्यात गुरखा तुकडी मागवता येते. इटलीत मराठा पलटणीही होत्या, हे तो खेळणाऱ्या मराठी मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

माघारीची एक कळ असते. ती दाबली की तुकडी वेगाने मुख्यालयाकडे पळते आणि पळताना तिला गोळी लागण्याची शक्यता कमी होते. नवे खेळाडू ही कळ दाबायला लाजतात. सहापैकी दोन माणसे उरली की दाबतात, आणि वाटेत तीही जातात. तीन-चार उरली असताना माघार घेतली तर मुख्यालयापाशी पडलेली माणसे भरून काढता येतात. नवी तुकडी उभारण्यापेक्षा ते बरेच स्वस्त पडते, आणि अमेरिकन तुकडीने लढून कमावलेला अनुभव टिकून राहतो. चौक तीन मिनिटांनी पुन्हा घेता येतो. मेलेल्या तुकडीचा अनुभव परत मिळत नाही.

रणगाड्यांचे थोडक्यात. चिलखत पुढून जाड, मागून पातळ. टायगर या जर्मन रणगाड्यासमोर ५७ मिमी तोफेचे गोळे पुष्कळदा आपटून परत फिरतात, त्यामुळे तोफ त्याच्या वाटेवर न ठेवता कडेला, बगल दिसेल अशी रोवावी. हुकूम देताना माउसची उजवी कळ दाबून ओढली की तोंड कुठे करायचे ते ठरते. नुसते क्लिक केले तर तोफ ज्या दिशेला जात होती तिकडेच तोंड करून बसते. रायफल तुकडीच्या चिकट बॉम्बने इंजिन जायबंदी होऊ शकते, आणि रांगणारा रणगाडा मग तोफेच्या तावडीतून सुटत नाही.

गेममध्ये खोटे काय आहे, हेही लिहायला हवे. रणगाडा एकदा विकत घेतला की त्याला पुन्हा थेंबभर इंधन लागत नाही आणि साध्या बंदुकीच्या गोळ्या कधीच संपत नाहीत. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस अमेरिकन सेनापती पॅटनचे थर्ड आर्मी इंधनाअभावीच अडले. किनाऱ्यावरून पुढच्या सैन्याला पुरवठा करण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकची अखंड फेरी चालवावी लागली. तिचे सुमारे तीन-चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. जर्मन बाजूला त्याच डिसेंबरात आर्डेन्सच्या डोंगराळ जंगलात पायपर या अधिकाऱ्याच्या तुकडीने इंधन संपल्यावर ला ग्लेझ या बेल्जियन गावात रणगाडे सोडून दिले आणि सुमारे ८०० माणसे रात्री पायी निघाली. त्यांतला एक किंग टायगर आजही तिथल्या संग्रहालयाबाहेर उभा आहे. गेममध्ये हे होऊच शकत नाही. अमेरिकनांसमोर टायगर जितक्या सहज येतो, तेही बरोबर नाही. नॉर्मंडीतले टायगर मुख्यतः कॅन शहराभोवती ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्यासमोर होते. आणि गावे ओस दाखवली आहेत. नॉर्मंडीत सुमारे २० हजार फ्रेंच नागरिक मेले, त्यांतले बरेच मित्रराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांत. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

दुसऱ्या गेमवर, म्हणजे २०१३ मधल्या पूर्व आघाडीवरच्या भागावर, रशियात तीव्र आक्षेप घेतला गेला. लाल सेनेला स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घालणारी सेना म्हणून रंगवले, असे खेळाडूंचे म्हणणे होते. त्या वर्षी तिथल्या वितरकाने विक्री थांबवली. असा वाद होऊ शकतो, याचाच अर्थ खेळणारे त्यातला इतिहास गंभीरपणे घेतात. आपल्याकडे मात्र चर्चा ‘गेम वाईट’ एवढ्यावरच संपते.

म्हणून एक विनंती. आपल्या पुरवणीत युद्धाच्या गेमविषयी लिहिताना तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. वयाची शिफारसही यावी. ‘कंपनी ऑफ हीरोज’ला अमेरिकेत १७ वर्षांवरील असे मानांकन आहे आणि ते योग्य आहे, माणसांचे तुकडे होताना दिसतात, शिव्याही आहेत. पहिला भाग २०२० पासून आयपॅड, आयफोन आणि अँड्रॉइडवरही मिळतो, तेव्हा घरात संगणक नाही म्हणून पालकांनी निश्चिंत राहू नये. सुरुवात संगणकाविरुद्धच्या सोप्या डावाने करावी. तिसऱ्या भागात एकट्याने खेळताना लढाई थांबवून हुकूम देता येतात, नवख्याला ते सर्वांत सोयीचे.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट छापावी, कारण घरोघरी भांडण त्यावरून होते. ऑनलाइन डाव मधे थांबवता येत नाही. विजयाचे तीन खांब आणि प्रत्येक बाजूला ५०० गुण असा नेहमीचा डाव असतो. ज्याच्याकडे जास्त खांब, त्याच्या शत्रूचे गुण उतरत जातात आणि शून्यावर डाव संपतो. याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. दोघा-दोघांच्या डावात एक उठला तर त्याच्या साथीदाराची पंचाईत होते. गुणांचे आकडे पडद्यावर सतत दिसतात. जेवायला हाक मारण्याआधी ते पाहावेत. दोन्हीकडे शंभराच्या वर असतील तर ‘हा डाव संपला की ये, पुढचा सुरू करू नकोस’ असे सांगावे, आणि पुढचा खरेच सुरू होऊ देऊ नये.

आपला,
एक वाचक