महसूलमंत्र्यांना खुले पत्र : वारीला रुंद रस्ता नको, जुनी पांदण शोधून द्या

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शेगावच्या पायी वारीसाठी गावनकाशावरच्या पांदणी मोकळ्या करण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

रस्त्याचं गाऱ्हाणं बांधकाम खात्याकडे न नेता तुमच्याकडे का आणलं, ते आधी सांगतो. बांधकाम खात्याकडे रस्ता मागितला की रुंद रस्ता मिळतो. आम्हाला अरुंद हवा आहे, शेतांमधून जाणारी जुनी पांदण. तो नव्यानं बांधायचाही नाही. तुमच्याच खात्याच्या कपाटात, गुंडाळून ठेवलेल्या गावनकाशांवर, तो तुटक रेषांनी काढलेला आहे. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. त्या गुंडाळ्या मी हाताळल्या आहेत.

आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, गावातली वीस-बावीस माणसं दर वर्षी पायी शेगावला जातात. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांना दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं आमच्याकडे घरोघर सांगतात. आता त्यांच्याच प्रकटदिनाच्या आदल्या रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रसादाचे मंडप लागतात आणि अर्धी उसळ टाकून दिलेल्या द्रोणांचा खच पायाखाली येतो. शेजारी डीजे. एका मंडपातलं भजन संपायच्या आत पुढच्या मंडपातलं गाणं कानावर आदळतं. सेवा करणाऱ्यांची भावना खोटी नाही, चहा मीही पितो. पण 'गण गण गणात बोते' स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढी शांतता तीस किलोमीटरमध्ये कुठे सापडत नाही.

गोंगाट एक वेळ सोसवतो, गाड्या सोसवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमाराला आम्ही सडकेच्या कडेनं चाललो होतो. समोरून टँकर, मागून ट्रक. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर उखडलेली खडी, तिच्या पलीकडे नाली. सगळ्यात पुढे आमच्या गावची एक सत्तरीची माय, खांद्यावर पताका घेऊन. पताकेची काठी ट्रकच्या आरशात अडकली आणि कडाडकन मोडली. माय जागेवर गरकन फिरली आणि नालीत बसली. खरचटलं तेवढंच. ट्रक थांबला नाही. आम्ही तिला उचललं तेव्हा ती म्हणाली, "काठी गेली, मी रायली." पुढच्या वर्षी सुनेनं तिला येऊ दिलं नाही.

तेव्हापासून आमच्यातले सात-आठ जण पांदणीनं जातो. सडकेपेक्षा पाचेक किलोमीटर जास्त पडतात. पण माघातली पांदण म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळायचं नाही, म्हणून सांगतो. दोन्ही अंगांना बोरी-बाभळी, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यांच्यातलं गवत दवानं ओलं. एका वावरात फरदडीच्या कपाशीची शेवटची बोंडं, दुसऱ्यात घाट्यावर आलेला हरभरा. गेल्या वर्षी एक म्हातारे शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून आमच्याकडे बघत होते. "इकून कुठी चालले बाप्पा? सडक त तिकडं हाये." शेगावला म्हटल्यावर त्यांनी चपला काढून हात जोडले आणि लगेच म्हणाले, "पाणी भरून घ्या. पुढं खारं हाये."

तिथेच या सगळ्याची खरी अडचण आहे. हा खारपाणपट्टा. विहिरीला, बोअरला पाणी लागतं, पण ते पिण्याचं नसतं. गोड पाणी वानच्या नाहीतर काटेपूर्णेच्या धरणातून नळानं गावात येतं, शिवारात नाही. अकोलीच्या भास्कर पाटलांनी महाराजांना पाणी नाकारलं म्हणून त्यांना नावं ठेवतात. मला त्यांचा राग येत नाही. डोक्यावरून घागर वाहून आणणारा माणूस पाण्याला पाण्यासारखं समजत नाही. बारा वर्षं कोरडी पडलेली विहीर महाराजांनी भरली, ही आमची श्रद्धा. पण दर वर्षी वारकऱ्यानं त्या भरवशावर चालायचं का? प्रकटदिनाच्या चार-पाच दिवसांत पांदण जिथे गावाला लागते, तिथे ग्रामपंचायतीनं पाण्याची एक टाकी ठेवली तरी पुरे.

आता नकाशाकडे येतो. आपल्या गावनकाशावर पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात आणि तिची रुंदी धरतात ८¼ फूट, म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौथा हिस्सा. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेची, १६½ ते २१ फूट. कागदावर ही जाळी इतकी दाट आहे की आमच्या भागातून शेगावपर्यंत सडकेला जेमतेम दोन-तीन ठिकाणी, पुलापाशी आणि रेल्वेच्या फाटकापाशी, पाय लागेल. शिवारात मात्र ती जागोजागी तुटते. धुरा दर वर्षी नांगराच्या एका सरीनं सरकतो. पंधरा वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते, पंचवीस वर्षांत तिथे तूर उभी असते. अडथळा काढायचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ नं दिलेला आहे. नवा कायदा कशालाच लागत नाही. २०२१ मध्ये शासनानं मातोश्रींच्या नावानं पांदण रस्त्यांची योजनाही आणली. अमरावती-अकोला महामार्गाचं ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली. पांदणीच्या कामाला तास कोणी मोजत नाही, तिथे तारखा मोजतात.

शेतकऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. त्याला धास्ती असते की हे लोक हरभरा उपटतील, गव्हातून वाट पाडतील, प्लास्टिक टाकून जातील. काही जण तसं करतातही. शिवाय रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी त्यानं झटका मशीनची तार लावलेली असते, ती अंधारात दिसत नाही. म्हणून पांदणीनं रात्री जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवस उगवल्यावर निघावं. आणि पावसाळ्यात तर नावच काढू नये. ऋषिपंचमीला समाधीदिनाची वारी असते तेव्हा आमची काळी माती गुडघाभर गिळते, तिथे सडकच बरी. मुरूम टाकला तर शेतकऱ्याचा कापूस निघेल आणि आमचा पाय. पण डांबर टाकू नका. डांबर पडलं की ट्रक शॉर्टकट म्हणून तिकडूनच येईल आणि आम्ही पुन्हा नालीत.

गर्दीच्या विरोधात हे पत्र नाही. पंढरपूरहून परतलेली पालखी खामगावहून शेगावला निघते, त्या दिवशी माणसांचा पूर हीच वारी असते. तिथे आडवाट शोधणारा करंटा. बाकीच्या दिवसांचं मी बोलतोय.

माझ्या भाच्यानं स्पेनमधल्या सान्तियागोच्या पदयात्रेचं सांगितलं. तिथे शेवटच्या शंभर किलोमीटरांवर अशीच झुंबड. पण त्याच्या अलीकडे त्रियाकास्तेला गावाशी वाट दुभंगते. घाई असेल त्यानं सरळ जावं, शांतता हवी असेल त्यानं सामोसच्या मठावरून सहा-सात किलोमीटरचा वळसा घ्यावा. पुढे सारियाला दोन्ही वाटा भेटतात. कुठे वळायचं ते पिवळे बाण सांगतात. एलियास वालिन्या नावाच्या एका खेड्यातल्या पाद्र्यानं १९८४ मध्ये ते स्वतः रंगवायला घेतले. रंगाचा डबा आणि ब्रश, एवढंच भांडवल. आमच्याकडे फाट्याफाट्याला एक दगड आणि त्यावर भगवा बाण, याला कितीसा निधी लागेल?

शेवटी एक कबुली. नोकरीत असताना एका पांदणीच्या तक्रारीवर स्थळपाहणीला मला पाठवलं होतं. श्रावण होता, चिखल होता, नवी चप्पल होती. शिवेवरून बघितलं आणि अहवालात लिहिलं, 'सदर रस्त्याची वहिवाट दिसून येत नाही.' प्रकरण तिथेच निकाली निघालं. गेल्या माघात त्याच पांदणीच्या तोंडाशी आम्ही तारेच्या कुंपणासमोर उभे होतो. तिथून मागे फिरून सडकेला लागलो. नकाशाची नक्कल माझ्याकडे आहे आणि गट नंबर पाठ आहेत. तहसीलदार साहेब ज्या दिवशी पाहणीला येतील, त्या दिवशी मी पुढे चालतो. फक्त माघाच्या आधी यावं, तूर निघालेली असते तेव्हा जुनी चाकोरी अजून ओळखू येते.

आपला,
एक निवृत्त तलाठी
जि. अकोला