शब्दकोडे अडते ते जीके कच्चे म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले सामान्य ज्ञानाचे शब्दकोडे अनेकजण उत्साहाने हातात घेतात आणि अर्धे झाले की 'आपले जीके कच्चे' म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मते बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते. एकतर आडव्या-उभ्या शब्दांची सामाईक घरे नीट वापरलेली नसतात, नाहीतर प्रश्नच पुरेसा नेमका नसतो. पहिली गोष्ट सोडवणाऱ्याच्या हातात आहे, दुसरी आपल्या. म्हणून हे पत्र.

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना, मात्रा, अनुस्वार सगळ्यासकट. जोडाक्षरालाही एकच घर. 'पंचगंगा' चार घरांत, 'पन्हाळा' तीन घरांत. इंग्रजी कोड्यात सामाईक घरातून सव्वीसपैकी एक अक्षर कळते. आपल्याकडे एखाद्या घरात 'ष्ट्र' आले, तर महाराष्ट्र, सौराष्ट्र, धृतराष्ट्र असे मोजकेच शब्द उरतात. उलट 'क' किंवा 'र' मिळून फारसे काही हाती लागत नाही. तेव्हा एक आडवे, दोन आडवे असे क्रमाने न जाता ज्यांचे उत्तर एकच असू शकते असे प्रश्न आधी भरावेत, आणि त्यातही जोडाक्षरे देणारे सर्वांत आधी.

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. प्रश्न असा: 'पंचगंगा ज्या पाच नद्यांची बनते त्यांपैकी एक.' कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती ही नावे पाठ असली तरी कोडे सुटत नाही. दोन घरे असतील तर कुंभी, प्रश्न मिटला. चार घरे असतील तर भोगावती किंवा सरस्वती, आणि दोन्हींचे शेवटचे अक्षर 'ती'च. त्या घरातून जाणारा उभा शब्द कितीही डोके खाजवून काढला तरी निर्णय लागणार नाही. पहिल्या तीन घरांपैकी एखादे सोडवायला हवे. तीन घरे असतील तर कासारी की तुळशी? इथे मधल्या घराकडे बघावे. त्या घरात आकडा छापलेला असेल, म्हणजे तिथून उभा शब्द सुरू होत असेल, तर उत्तर कासारीच. 'ळ'ने मराठीत शब्द सुरू होत नाही. एकही उभा शब्द न सोडवता आडवा शब्द पक्का! रंकाळा, पन्हाळा यांसारख्या उत्तरांनाही हीच कसोटी लावता येते: 'ळा'च्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दात ते अक्षर मध्ये किंवा शेवटीच येणार.

व्यक्तींच्या नावांत गोंधळ जास्त. 'ज्ञानपीठ विजेते मराठी साहित्यिक' एवढाच प्रश्न आणि पाच घरे असतील तर कुसुमाग्रजही बसतात आणि करंदीकरही. शेवटी 'कर' असेल असे धरून 'क' आणि 'र' भरून टाकणे ही नेहमीची घाई. सहा घरे असतील तर शिरवाडकर, म्हणजे पुन्हा कुसुमाग्रजच! खांडेकरांना चार घरे पुरतात, नेमाडेंना तीन. प्रश्नात १९७४, १९८७, २००३ किंवा २०१४ यांपैकी वर्ष दिले आणि आडनाव हवे की टोपणनाव ते सांगितले, तर अडचणच राहत नाही.

लेखनाचा प्रश्न याहून नाजूक. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये कांस्यपदक जिंकले ते शहर कोणते, हे कोल्हापुरात तालमीतले पोरही सांगेल. पण 'हेलसिंकी' लिहिले तर चार घरे लागतात, 'हेल्सिंकी' लिहिले तर तीन. मोबाइलवर दोन्ही रूपे सापडतात, त्यामुळे तिथे शोधून हा तिढा सुटत नाही. घरे मोजूनच ठरवावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. 'कोल्हापूर'मध्ये तिसऱ्या घरात दीर्घ 'पू', 'कोल्हापुरी'त ऱ्हस्व 'पु'. 'कोल्हापूर'च्या त्या घरातून 'पुणे' खाली उतरवले, तर दोन्ही उत्तरे बरोबर असूनही सोडवणारा आपलेच चुकले म्हणून खोडत बसतो. ऱ्हस्व-दीर्घ समान मानले आहे की नाही, हे चौकटीखाली एका ओळीत छापावे, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती वर्षाबद्दल. जुन्या संग्रहातून प्रश्न उचलले की उत्तरे शिळी होतात. जिल्ह्याचे नाव विचारले तर २०२३ पूर्वी 'उस्मानाबाद', पाच घरे. आता 'धाराशिव', चार घरे. कझाकस्तानची राजधानी २०१९ ते २०२२ या काळात नूर-सुलतान होती, आता पुन्हा अस्ताना आहे. प्रश्नात 'सध्याचे' किंवा 'पूर्वीचे' एवढा एक शब्द पुरतो.

तिसरी गोष्ट रचणाऱ्यांसाठी. प्रत्येक शब्दाची निदान निम्मी घरे सामाईक असावीत, आणि ती फक्त शेवटची नसावीत. चार घरांच्या नदीला एकच सामाईक घर, तेही 'ती'चे, मिळाले तर वर सांगितल्याप्रमाणे अभ्यास असूनही अंदाजच करावा लागतो. सोडवणाऱ्याच्या दृष्टीने हा अन्याय आहे.

छपाईचेही बघावे. घर लहान असले की 'ष्ट्र' किंवा 'ल्हा' त्यात मावत नाही आणि कोपऱ्यातला आकडा झाकला जातो. बाजू निदान ८ मिलिमीटर ठेवावी, काळ्या घरांची शाई मागच्या पानावर उतरणार नाही इतपत फिकी करावी. सोडवणाऱ्यांनी २बी पेन्सिल घ्यावी. कडक शिसाने आणि बॉलपेनने वर्तमानपत्राचा कागद खोडताना किंवा गिरवताना फाटतो. शंका असलेले अक्षर घराच्या खालच्या कोपऱ्यात बारीक लिहावे, दुसऱ्या दिशेचा शब्द जुळला की ठळक करावे.

पुढच्या रविवारी उत्तरांची नुसती चौकट छापण्याऐवजी ज्या चार-पाच प्रश्नांना दोन उत्तरे संभवतात, त्यांच्यापुढे एकेक ओळीचा खुलासा द्यावा. चौकटीशेजारी तेवढी जागा निघू शकेल.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर