काकी, त्या अंड्यांबद्दल

प्रिय काकी,

सा. नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मी तुम्हांला जे बोलले होते तेही ओसरीवर, चारचौघींसमोर बोलले होते. आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

ऑगस्ट 2019. बेळगावात पाऊस थांबायचं नाव घेईना. शहापुरातल्या आमच्या घराची मागची मातीची भिंत रात्रीत बसली आणि आईच्या पोटरीला मोठी जखम झाली. मी पुण्यात. निघाले, तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलेलं, गाड्या बंद. फोनवर आईला म्हणत राहिले, "प्रार्थना करतेय गं. उबेत राहा, वेळेवर खा."

उबेत ठेवलंत तुम्ही. तुम्ही आणि तुमच्या मुलानं आईला खुर्चीसकट उचलून तुमच्या घरी नेलंत. दहा दिवस. ड्रेसिंगला रिक्षानं ने-आण, रात्री तिच्या उशाशी झोपणं, सगळं. डॉक्टर म्हणाले, जखम भरायला अंडी द्या. काकी, तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यात श्रावण लागलेला. तुमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. तुम्ही परड्यात पत्र्याखाली वेगळी शेगडी मांडलीत, एक जुनं पातेलं बाजूला काढलंत आणि रोज दोन अंडी उकडून, स्वतः सोलून आईला दिलीत. एकादशीलाही, तुम्ही उपाशी असताना. आई म्हणाली, "वैनी, नको हो." तुम्ही म्हणालात, "माळ माझ्या गळ्यात हाय, तुमच्या पायाला न्हाई."

आणि त्याच्या कितीतरी वर्षं आधी मी तुम्हांला काय बोलले होते? अठरा-एकोणीस वर्षांची होते, चर्चमध्ये मुलांचं संडे स्कूल नुकतीच घ्यायला लागले होते. "काकी, कितीही वाऱ्या करा, विश्वासावाचून सगळं फुकट." तेव्हा तुम्ही मला भाकरी आणि माईनमुळ्याचं लोणचं वाढत होतात. तुमचा हात थांबला नाही.

यंदा माझी मुलगी चर्चमध्ये दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला जाते. तिनं विचारलं, माणूस विश्वासानं ख्रिस्ती होतो की वागण्यानं? आणि लगेच, "मग काकीआज्जी ख्रिस्ती का?" मी नाही म्हणाले. तुम्ही पांडुरंगाच्या. तुमचं चांगुलपण आमच्या नावावर लिहून घेणं म्हणजे माझा जुनाच उद्धटपणा, फक्त गोड शब्दांत. येशूच्या गोष्टीत वाटेवर पडलेल्या जखमीला देवळातले याजक आणि लेवी टाळून गेले; यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एकानं त्याच्या जखमा बांधल्या, उताराच्या घरी नेऊन पैसे भरले. येशू त्या शोमरोन्याला 'तू आमचा' म्हणत नाही. तो वळतो प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याकडे: जा, तूही तसंच कर. म्हणजे प्रश्न तुमच्याबद्दलचा नव्हताच काकी, माझ्याबद्दलचा होता.

तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, असं येशूचा प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला पत्रात लिहितो. मी तेवढंच पाठ केलं होतं. पुढच्याच ओळीत तो म्हणतो, सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलंय. आणि बायबलमधल्याच दुसऱ्या पत्रात याकोब विचारतो, उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'ऊब घे, पोटभर खा' म्हणून काय उपयोग? ते वाचताना मला माझाच फोन ऐकू आला. तारण विश्वासानं की कर्मांनी, याच वादावर सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरपासून चर्च दुभंगलं. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 मध्ये आम्ही मेथडिस्टही त्यात आलो: देव स्वीकारतो ते कृपेनं, आणि तीच कृपा माणसाला सत्कर्माला लावते.

मुलीला सांगितलं, ख्रिस्ती होतो ते विश्वासानंच, मी आजही तेच मानते. पण माझा विश्वास जिवंत आहे की नाही, हे माझ्या म्हणण्यावर नाही. त्या रात्री माझी आई कुणाच्या घरी झोपली, ते मी विसरू शकत नाही.

काकी, 'फुकट' हा शब्द मी परत घेते. तुमच्या पायांवर डोकं ठेवून आभार मानते.

दिवाळीनंतर तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, असं आईकडून कळलं. मी महिन्याची रजा टाकलीय. रात्रीचं मी बघेन, सूनबाईंना झोपू द्या. तुम्हांला काय काय चालतं तेवढं आईला सांगून ठेवा. पातेली मी नवीन, वेगळी घेऊन येते.

तुमची,
शेजारची लेक