'मला काही झालं नाही' यावर विसंबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंगावरून वारं गेलं की आपल्याकडे अजूनही आधी झाडपाल्याच्या औषधाला नेतात, कुणी कबुतराचं रक्त चोळतं. हा झटका बहुधा मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकल्यानं येतो, ती त्यानं हलत नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही नस फुटलेली नाही हे सीटी स्कॅनवर पाहूनच.

तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, एवढं आता बरेच जण ओळखतात. माझी काळजी वेगळी आहे. मेंदूची उजवी बाजू दुखावली, की कधीकधी रुग्णाला स्वतःची डावी बाजू जाणवतच नाही. ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडची भाकरी तशीच राहते. डावा हात उचलत नसतो, तरी तो शपथेवर सांगतो, 'मला काही झालं नाही, झोपू द्या.' घरचे मोठ्या माणसाचा शब्द मोडत नाहीत. इथं मोडायलाच हवा. दोन्ही हात समोर धरायला लावा आणि आपल्या डोळ्यांनी पाहा.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर काही जण भराभर बोलतात, पण त्याचा अर्थच लागत नाही. लोक म्हणतात, डोक्यात फरक पडला. झटका मेंदूच्या मागच्या भागात असेल तर अचानक गरगरतं, उलट्या होतात, पाय लटपटतात, एकाचे दोन दिसतात. मे महिन्यात आपण ऊन लागलं किंवा पित्त झालं म्हणून सोडून देतो. दहा मिनिटांत सगळं ओसरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पुढचा मोठा झटका टाळण्याची संधी तेव्हाच असते.

रुग्णाला पाणी, चहा पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. रक्त पातळ करायची गोळी घरी देऊ नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री झोपला ती वेळ धरतात.

माझी विनंती जिल्हा प्रशासनाला आहे. चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन जवळ कुठं मिळतं, ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर १०८ क्रमांकाशेजारी लिहावं. लातूर, नांदेड, अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण रात्री दोन वाजता गाडी कुठं वळवायची हे वाडीवरच्या माणसाला ठाऊक नसतं.

एक निवृत्त शिक्षक,
ता. औसा, जि. लातूर