काकू, तुम्ही मला जेवायला बसवलंत

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. परदेशात नोकरी गेली की आपली माणसं आधी गप्प होतात. मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं बंद, आईला फोनवर ‘सगळं ठीक आहे’. आमच्याही घरात तेच चाललं होतं.

ह्यांची नोकरी गेली तेव्हा एच-वन-बीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या, नियमाप्रमाणे हातात ६० दिवस होते. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. माझा व्हिसा एच-फोर, ह्यांची बायको म्हणून मिळालेला, कमवायची परवानगी नाही. जर्सी सिटीचं भाडं कुणासाठी थांबत नाही. तुम्हाला कुठून कळलं कोण जाणे, पण तुम्ही सहानुभूतीचा एक शब्दही न बोलता म्हणालात, “उद्या सकाळी माझ्याबरोबर चल, हात कमी पडताहेत.” पगार न घेता सेवा करायला माझ्या व्हिसाची आडकाठी नाही, हेही तुम्हीच समजावलंत.

चर्चच्या सूप किचनमध्ये, म्हणजे भुकेल्यांना फुकट जेवू घालतात तिथे, जायचं म्हणून मी बिचकले होते. आपल्याकडे चर्च आणि फुकट जेवण हे दोन शब्द एकत्र आले की लोक काय म्हणतात ते तुम्हीही ऐकलेलं आहे, किंबहुना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. म्हणून मी जे पाहिलं ते स्पष्ट लिहिते. मॅनहॅटनच्या चेल्सी भागात, नाइन्थ अव्हेन्यू आणि २८व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या होली अपोसल्स या एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या) चर्चमध्ये मला कुणी धर्म विचारला नाही. रांगेतल्या माणसांना कुणी ओळखपत्र मागितलं नाही, जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लावली नाही. आलेला माणूस भुकेला आहे, एवढं कारण पुरेसं होतं.

हे सूप किचन १९८२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. तेव्हा चर्चची स्वतःचीच अवस्था डळमळीत होती, सभासद रोडावलेले होते. तरी त्यांनी पहिल्या दिवशी तीसपस्तीस माणसांना जेवू घातलं आणि पुढे ही संख्या रोज हजाराच्या घरात गेली. १९९०च्या एप्रिलमध्ये छताला आग लागली, रंगीत काचांच्या काही जुन्या खिडक्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवण चुकलं नाही. मग चार वर्षांनी वास्तू पुन्हा उभी राहिली तेव्हा मंडळींनी एक निर्णय घेतला, ज्याचा मला अजून अचंबा वाटतो: उपासनेचे बाक परत बसवलेच नाहीत. मुख्य दालन मोकळं ठेवलं आणि तिथेच टेबलं मांडली. रविवारी जिथे उपासना होते, तिथेच आठवडाभर पंगत बसते. गोरगरिबांसाठी मागच्या दाराने तळघरात सोय करणं सोपं असतं. इथे त्यांना कमानींखाली, वेदीसमोर बसवलं जातं.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्या दुपारचे, जेव्हा तुम्ही माझा ॲप्रन काढायला लावलात आणि म्हणालात, “वाढलंस, आता जेव. तिकडे नाही, इथे बस.” स्वयंसेवकांत नाही, पाहुण्यांच्या टेबलावर. मी अवघडले. शेजारचे आजोबा एकेकाळी छापखान्यात होते, त्यांनी माझ्या ताटाकडे मिठाची पुडी सरकवली आणि पावसाबद्दल बोलू लागले. आमच्याबद्दल त्या वेळेपर्यंत मी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं. मान खाली न घालता सांगितलं. काकू, घरी सामान भरून देणारे आणखीही कुणी भेटले असते. घेताना ताठ बसता येतं, हे तुम्ही शिकवलंत.

परतीच्या गाडीत तुम्ही नेहमी चिडलेल्या असायचात. रांग लांब झाली की लोकांना कौतुक वाटतं, तुम्हाला राग यायचा. ऐंशीच्या दशकापर्यंत मनोरुग्णालयं रिकामी केली, पण त्या माणसांसाठी पुढची सोय केली नाही. गरीब माणसं राहायची ती एकेका खोलीची स्वस्त हॉटेलं पाडली नाहीतर महाग केली. सरकारने घरांवरचा खर्च छाटला. भूक आकाशातून पडत नाही, तुम्ही म्हणायचात, ठरावांतून येते. म्हणूनच जेवणाबरोबर तिथे सल्ला देणारी माणसंही बसतात, आणि तुम्ही नगरसेवकांना पत्रं लिहिता. १९७९पासून एपिस्कोपल बाप्तिस्म्यात सगळ्या लोकांमध्ये न्याय व शांती नांदावी म्हणून झटण्याचं आणि प्रत्येक माणसाचा मान राखण्याचं वचन घेतात, हे तुमच्याकडूनच कळलं. त्या वचनाची व्याप्ती या वास्तूत दिसते. १९७७मध्ये एलन बॅरेट या बाईंना इथेच धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आपण समलिंगी असल्याचं त्यांनी लपवलं नव्हतं. समलिंगी ज्यूंची एक मंडळी कितीतरी वर्षं शुक्रवारची प्रार्थना याच छताखाली करत असे.

आणि रमाबाई! तुम्ही नगरच्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेल्या. ५ एप्रिलला एपिस्कोपल पंचांगात पंडिता रमाबाईंचा स्मरणदिन असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरं वाटेना. शाळेत शारदा सदनाचं नाव पाठ केलं होतं. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या, हे मी इतक्या लांब येऊन तुमच्या तोंडून ऐकलं. त्यांनी अन्न दिलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं, आणि बायकांची अशी दशा करणाऱ्या चालीरीतींवर कडाडून लिहिलं. तुम्हाला हे सगळं एकच काम वाटतं. आता मलाही वाटतं.

ह्यांना वेळेत नोकरी लागली, पण ओहायोत. सामान लावून होताच मी इथलं शिधावाटप शोधून काढलं. दर शनिवारी जाते, तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरते.

आई जूनमध्ये येते आहे. तिला आता सगळं खरं सांगून टाकलं. तिला घेऊन न्यूयॉर्कला येईन, मधल्या वारी, किचन चालू असताना. तिला तुम्हाला भेटायचं आहे आणि एक दिवस वाढायला उभं राहायचं आहे. तेवढं आधी कळवून ठेवाल का?

तुमची,
जर्सीतली जुनी शेजारीण